फेअरवे ड्रायव्हर निवडताना आधी उड्डाणाचा शेवट पाहावा

डिस्क गोल्फ, म्हणजे फिरती चकती (डिस्क) फेकत बास्केटपर्यंत पोचवण्याचा खेळ, खेळणाऱ्या एकांचा प्रश्न असा आहे. प्रश्नकर्ते उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर नेत, फेकतात. त्यांची मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची, डिस्क सुमारे ६५ मीटरपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाते. लांब पल्ल्यासाठी त्यांनी स्पीड १२ चा ड्रायव्हर घेतला, पण तो ७० मीटरच्या पुढे जातच नाही आणि निम्म्या वाटेवर डावीकडे वळतो. आता त्यांना फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे मिडरेंज आणि लांब पल्ल्याचा ड्रायव्हर यांच्या मधली डिस्क, घ्यायची आहे आणि इनोव्हा या उत्पादकाच्या तीन डिस्क त्यांच्या मनात आहेत (कंसातल्या आकड्यांचा अर्थ पुढे येईल): लेपर्ड (६/५/-२/१), टीबर्ड (७/५/०/२) आणि फायरबर्ड (९/३/०/४). यांपैकी कोणती घ्यावी, किती वजनाची आणि कोणत्या प्लास्टिकची घ्यावी, आणि पुढेमागे हात वाढेलच म्हणून आत्ताच स्पीड ९ चा ड्रायव्हर घेऊन ठेवावा का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की पहिली लेपर्ड घ्यावी, दुसरी घ्यायची झाली तर फायरबर्ड घ्यावी आणि टीबर्ड सर्वांत शेवटी घ्यावी. हा क्रम अनेकांना उलटा वाटेल, कारण बहुतेक अनुभवी खेळाडू टीबर्डलाच फेअरवे ड्रायव्हरचा मापदंड मानतात आणि नवख्या खेळाडूला तीच हाती देतात. टीबर्ड उत्तम डिस्क आहे, याविषयी माझा वाद नाही. पण ६५ मीटर फेकणाऱ्या हातात ती टीबर्डसारखी उडत नाही. असे का होते हे समजले की या तीनच नव्हे, तर दुकानातल्या कोणत्याही डिस्कवरचे आकडे स्वतःच्या हाताच्या हिशेबाने वाचता येतात, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

डिस्कवरचे चार आकडे क्रमाने स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड यांचे असतात. स्पीडच्या आकड्याने सर्वांत जास्त घोटाळा होतो. डिस्क किती लांब जाईल हे तो सांगत नाही. बाकीचे तीन आकडे खरे ठरण्यासाठी ती हातातून किती वेगाने सुटली पाहिजे, हे तो सांगतो. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता. टर्न म्हणजे वेग भरपूर असताना, उड्डाणाच्या पहिल्या भागात, डिस्क उजवीकडे कलण्याची वृत्ती. ती उणे आकड्यांत लिहितात आणि आकडा जितका उणे तितका कल जास्त. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर शेवटी डावीकडे वळण्याची वृत्ती. हे सगळे उजव्या हाताच्या बॅकहँडला लागू आहे. डावखुऱ्यांनी, तसेच उजव्या हाताने फोरहँड, म्हणजे हात अंगाच्या बाहेरून पुढे आणत, फेकणाऱ्यांनी, डावे-उजवे अदलाबदल करून वाचावे. टर्न जास्त आणि फेड कमी असलेल्या डिस्कला अंडरस्टेबल म्हणतात आणि उलट असेल तर ओव्हरस्टेबल.

हे आकडे कोणत्याही तटस्थ संस्थेने मोजून दिलेले नसतात, हेही ध्यानात असू द्यावे. पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना डिस्कला मान्यता देते ती मापे पाहून: व्यास किमान २१ सेंटीमीटर, रिमची, म्हणजे पकडायच्या जाड कडेची, रुंदी फार तर २.६ सेंटीमीटर, वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, वगैरे. उड्डाणाचे आकडे ज्याचे त्याचे उत्पादक ठरवतात. डिस्कक्राफ्ट तर पूर्वी स्थैर्याचा एकच आकडा छापत असे. त्यामुळे एकाच उत्पादकाच्या दोन डिस्कची तुलना आकड्यांवरून बरीचशी भरवशाची असते, पण दोन वेगळ्या उत्पादकांच्या ७/५/-१/२ एकसारख्याच उडतील असे धरून चालू नये.

आता मूळ मुद्दा. डिस्क आधी उजवीकडे आणि मग डावीकडे का जाते, हे समजायला भोवरा डोळ्यांपुढे आणावा. फिरता भोवरा बोटाने ढकलला तर तो ढकलल्या दिशेला पडत नाही, बाजूला कलतो. डिस्कचेही तसेच आहे. ती स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तिचे नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबले गेले तर ती पुढे न झुकता एका बाजूला कलते आणि नाक वर उचलले गेले तर दुसऱ्या बाजूला. डिस्क वेगात आणि सपाट जात असते तेव्हा हवेची उचल तिच्या मध्यबिंदूच्या थोडी मागे लागते, म्हणजे नाक खाली दाबले जाते, आणि उजव्या हाताच्या बॅकहँडची, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी डिस्क उजवीकडे कलते. हा टर्न. वेग ओसरला की डिस्क खाली बसू लागते, हवा तिच्या पोटावर खालून येऊ लागते, उचलीचा बिंदू पुढे सरकतो, नाक वर उचलले जाते आणि डिस्क डावीकडे कलते. हा फेड. कोणत्या डिस्कमध्ये हा बिंदू कधी आणि किती सरकेल, हे मुख्यतः रिमच्या घडणीवर ठरते. १९८३ साली डिस्कचे रचनाकार डेव्ह ड्यूनिपेस यांनी इनोव्हाच्या पहिल्या ईगल या डिस्कला निमुळती कड दिली, तेव्हापासून या खेळातल्या डिस्कची बहुतेक सगळी रचना या कडेभोवतीच फिरत आली आहे. आज त्या नावाने मिळणारा फेअरवे ड्रायव्हर वेगळ्या साच्याचा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो, नाहीतर जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात गोंधळ होतो.

यातून निवडीच्या दृष्टीने एकच गोष्ट निघते, पण ती फार कामाची आहे. टर्न दिसण्यासाठी डिस्क पुरेशा वेगात असावी लागते. तो वेग ज्याच्या हातात नाही त्याला तो आकडा मिळतच नाही. फेड मात्र वेग संपल्यावर होतो, आणि वेग तर प्रत्येकाच्या डिस्कचा शेवटी संपतोच. म्हणून शेवटचा आकडा सगळ्यांसाठी खरा असतो. मंद हाताला तो फक्त लवकर भेटतो. तिसरा आकडा अटींसह मिळतो आणि चौथा बिनशर्त. आपला स्पीड १२ चा ड्रायव्हर निम्म्या वाटेवर डावीकडे वळतो तो बिघडलेला आहे म्हणून नव्हे. त्याच्या उड्डाणाचा पहिला अर्धा भाग आपल्या हातून कधी सुरूच होत नाही आणि तो थेट दुसऱ्या भागाला लागतो.

हिशेब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. सपाट जमिनीवर, वारा नसताना सुमारे ९० मीटर, म्हणजे ३०० फूट, फेकायचे तर डिस्क हातातून साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने सुटावी लागते, आणि स्पीड ७ च्या डिस्कवरचे आकडे याच सुमाराला जुळू लागतात. मिडरेंजने ६५ मीटर जाणारा हात ताशी ७० किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे असावा. अशा हातात प्रत्येक फेअरवे ड्रायव्हर छापील आकड्यांपेक्षा ओव्हरस्टेबल वागतो. मी नवख्यांना सांगतो की टर्नच्या आकड्यात एक ते दोन मिळवा, फेड आहे तसाच ठेवा आणि तो थोडा आधी सुरू होईल असे धरा. हा काही शास्त्रीय नियम नाही. अनेक हात पाहून बसलेला अंदाज आहे.

या हिशेबाने तिन्ही डिस्क पुन्हा वाचू. लेपर्डचा उणे २ आपल्या हातात शून्याच्या किंवा उणे १ च्या आसपास येतो आणि फेड १ राहतो. म्हणजे डिस्क सरळ जाते, कधी किंचित उजवीकडे झुकते आणि शेवटी डावीकडे येऊन बसते. टीबर्डची ख्याती ज्या उड्डाणासाठी आहे, ते उड्डाण आपल्याला आज लेपर्ड देईल. टीबर्डचे शून्य आपल्या हातात अधिक १ होते आणि फेड २ लवकर सुरू होतो. म्हणजे स्पीड १२ च्या ड्रायव्हरची तक्रार थोड्या सौम्य रूपात पुन्हा समोर उभी राहील आणि अंतर मिडरेंजपेक्षा पाचसात मीटरच वाढेल. ही डिस्क वाईट नसते, पण तिच्याकडून नवे काही शिकायला मिळत नाही, आणि वळण टाळण्यासाठी माणूस नकळत मनगट उलटे वळवू लागतो. ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

फायरबर्डचे प्रकरण निराळे आहे. तिचे सगळे काम चौथ्या आकड्याचे आहे आणि तो तर सर्वांना सारखाच मिळतो. ती आपल्या हातून मिडरेंजइतकीही लांब जाणार नाही, पण दर वेळी ठरल्यासारखी डावीकडे वळेल आणि जमिनीला लागून त्याच दिशेला घसरेल. झाडामागे डावीकडे असलेली बास्केट, समोरून येणारा जोराचा वारा, फोरहँडने उजवीकडे वळवायचा फटका, यांसाठी ही डिस्क मंद हातालाही पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. फोरहँडमध्ये फिरकी सहसा कमी मिळते, आणि फिरकी कमी असली की डिस्क सहज कलते; म्हणून तिथे ओव्हरस्टेबल डिस्क चुका सांभाळून घेते. नवख्याने ओव्हरस्टेबल डिस्कला हात लावू नये, असा जो सल्ला सर्रास दिला जातो तो मला अर्धवट वाटतो. लांब अंतरासाठी ती घेऊ नये, एवढेच त्यात खरे आहे.

लेपर्डला पर्याय हवा असेल तर डिस्कमेनियाची एफडी (७/६/-१/१) किंवा लॅटिट्यूड ६४ ची रिव्हर (७/७/-१/१) पाहावी. दोन्हींमध्ये ग्लाइड जास्त आहे. कमी वेगाच्या हाताला ग्लाइड म्हणजे फुकटचे अंतर. मात्र जी डिस्क जास्त तरंगते ती वाऱ्यावरही जास्त वाहवते, आणि बास्केटजवळ थांबायच्या ठिकाणी न थांबता पुढे निघून जाते. रिव्हर घेऊन नव्याने खेळणारे पहिले काही दिवस हमखास बास्केटच्या पलीकडे सापडतात.

स्पीड ९ चा ड्रायव्हर आत्ताच घेऊन ठेवावा का, तर नको. स्पीडचा आकडा वाढतो तशी रिम रुंद होते. फेअरवे ड्रायव्हरची रिम साधारण १.६ ते २ सेंटीमीटरच्या दरम्यान असते आणि त्यातही स्पीड ६–७ आणि स्पीड ९ यांच्यातला फरक बोटांना लगेच कळतो. रुंद रिम मुठीत नीट बसली नाही तर सुटताना डिस्क डळमळते, आणि डळमळलेली डिस्क पहिल्या दहा मीटरांतच वेग गमावते. शिवाय हात वाढतो तो अशा डिस्कवर, जी चूक झाली की चूक दाखवते. स्पीड ९ चीच हौस असेल तर इनोव्हाची साइडवाइंडर (९/५/-३/१) हलक्या वजनात घ्यावी. तिचा उणे ३ आपल्या हातात आज उणे १ होईल आणि ती सरळ जाईल. पण ती दुसरी किंवा तिसरी डिस्क म्हणून.

डिस्क विकत घेण्यापूर्वी मात्र एक तपासणी करावी, कारण मी पाहिलेल्या निम्म्याअधिक तक्रारी डिस्कच्या नसून नाकाच्या होत्या. डिस्क हातातून सुटताना तिची पुढची कड वर उचललेली असेल तर हवा पहिल्या क्षणापासून पोटावर लागते. वर फेडचे जे कारण सांगितले तेच इथे आरंभीच लागू होते, आणि मग कोणतीही डिस्क ओव्हरस्टेबल भासते. हे ओळखणे सोपे आहे. डिस्क आधी वर चढते, शिखरावर क्षणभर थांबल्यासारखी होते आणि मग डावीकडे सरकत धपकन खाली येते. याउलट जी डिस्क खरोखर हाताच्या मानाने ओव्हरस्टेबल असते ती फारशी चढत नाही. बेताच्या उंचीवरून जाता जाताच डावीकडे वळू लागते आणि पुढे सरकत सरकत उतरते. कोणाला बाजूला, मध्यावर उभे करून मोबाईलने चित्रण करायला सांगावे. पाच फेकींपैकी तीन-चारांत चढणे, थांबणे, कोसळणे दिसले तर नवी डिस्क घेण्यात अर्थ नाही. लेपर्डही तेच करील.

नाक वर का जाते, याची कारणे बहुधा दोन असतात. एक, डिस्क तळहाताच्या कर्णरेषेत न धरता बोटांच्या मुळांशी आडवी धरलेली असते, त्यामुळे पुढची कड आपोआप वर राहते. दोन, लांब फेकायचे म्हणून माणूस खांदे मागे टाकतो आणि वरच्या दिशेने फेकतो. अंगठा रिमच्या आतल्या कडेकडे थोडा सरकवून खाली दाबला आणि किल्ली फिरवल्यासारखे मनगट हलकेच बाहेर वळवले की बऱ्याच जणांचे नाक एका संध्याकाळीत खाली येते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ असेच तीन ड्रायव्हर बदलून चौथा घ्यायला निघाले होते. पकड बदलल्यावर त्यांचा पहिलाच ड्रायव्हर उजवीकडे वळून झाडीत गेला, आणि तो हरवल्याचे दुःख करण्याऐवजी ते हसत सुटले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ६५ मीटर फेकणाऱ्या हातून लेपर्ड जर उजवीकडे उलटून जमिनीवर घरंगळू लागली, तर वेग जास्त झाला असे समजू नये. सुटताना मनगट वरून गुंडाळले गेले आहे किंवा डिस्क डळमळत निघाली आहे. पहिले पाच-दहा मीटर नीट पाहावे: थाळी टेबलावर थरथरावी तशी कड थरथरत असेल तर दोष सुटण्याचा आहे. इथे लेपर्डच उपयोगी, कारण ती ही चूक लपवत नाही. फायरबर्ड तीच चूक पोटात घालते आणि सरळ जाते. माणसाला वाटते, आपली फेक सुधारली.

आता डिस्क हातात घेऊन काय पाहावे ते. एकाच साच्याच्या, एकच आकडे छापलेल्या दोन डिस्क वेगळ्या उडू शकतात, कारण प्लास्टिक थंड होताना कमीअधिक आकसते. डिस्क डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरावी आणि माथा पाहावा. घुमटासारखा उंच माथा असेल तर ग्लाइड जास्त. सपाट माथ्याची डिस्क कमी तरंगते आणि बहुधा थोडी अधिक ओव्हरस्टेबल असते. मग रिमच्या बाहेरच्या टोकावरून अंगठ्याचे नख फिरवावे. साच्याचे वरचे आणि खालचे भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ लागते. ही रेघ रिमच्या तळापासून जितकी उंच, तितकी डिस्क ओव्हरस्टेबल. दोन लेपर्ड शेजारी शेजारी टेबलावर ठेवून पाहिल्या तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना दिसतो, आणि तेवढा फरक मैदानावर जाणवतो. आपल्याला आज सरळ उड्डाण हवे आहे, तेव्हा दुकानात निवड करायला मिळाली तर कमी उंचीच्या रेघेची आणि थोड्या घुमटाची उचलावी. काही डिस्कच्या रिमखाली बोटाला लागेल असा बारीक गोल कंगोरा असतो. तोही डिस्कला ओव्हरस्टेबल बाजूला नेतो.

वाऱ्याविषयी नवख्यांच्या मनात नेहमी उलटा समज असतो, म्हणून आकडे देऊन सांगतो. डिस्कला जमीन कळत नाही, हवा कळते. ताशी ७० किलोमीटर वेगाने सुटलेली डिस्क ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यासमोर गेली तर तिच्यापुरता वेग ८५ होतो. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ दीडपट होते. तोच वारा पाठीमागून असेल तर तिच्यापुरता वेग ५५ आणि उचल मूळच्या सुमारे ६० टक्के. म्हणून समोरून वारा असताना डिस्क वर उचलली जाते आणि उजवीकडे उलटते. एरवी सरळ जाणारी लेपर्ड तिथे भरवशाची राहत नाही. अशा वेळी फायरबर्ड फेकावी, तीही कमी उंचीवरून आणि शांत हाताने. पाठीमागून वारा असताना उलट लेपर्डलाही टर्न सापडत नाही, ती लवकर खाली बसते. तेव्हा ती थोडी उंच फेकावी. हाच न्याय उंच प्रदेशाला लागू आहे. समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर हवा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ असते आणि तिथे सगळ्याच डिस्क एक पायरी ओव्हरस्टेबल झाल्यासारख्या वागतात.

वजन. वर दिलेल्या नियमानुसार २१.२ सेंटीमीटर व्यासाच्या डिस्कचे वजन जास्तीत जास्त सुमारे १७६ ग्रॅम होऊ शकते, म्हणून बहुतेक फेअरवे ड्रायव्हर १७३ ते १७६ ग्रॅममध्ये सर्वांत जास्त मिळतात आणि लोक तेच घेतात. आपल्या हातासाठी मी १६५ ते १६८ ग्रॅम सुचवीन. हलकी डिस्क थोड्या जास्त वेगाने सुटते, थोडी अंडरस्टेबल वागते आणि मंद हाताला टर्न सापडायला मदत करते. १६० च्या खाली आत्ताच जाऊ नये. वाऱ्यात ती कागदासारखी वाटते. फायरबर्ड मात्र पूर्ण वजनाची घ्यावी, कारण ती वाऱ्यासाठीच घ्यायची आहे.

प्लास्टिकच्या बाबतीत इनोव्हापुरते बोलायचे तर डीएक्स हे साधे, स्वस्त आणि हाताला चांगले चिकटणारे प्लास्टिक. चॅम्पियन हे काचेसारखे कडक, टिकाऊ आणि बहुधा नवेपणी जास्त ओव्हरस्टेबल. स्टार या दोहोंच्या मधले, टिकाऊ पण पकडीला मऊ. लेपर्ड डीएक्समध्ये घेण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. ती झाडांवर, दगडांवर आपटून लवकर झिजते आणि झिजली की अधिकाधिक अंडरस्टेबल होत जाते. लोक याला दोष मानतात. माझ्या जवळची एक डीएक्स टीबर्ड दोन वर्षे सरळ गेली, तिसऱ्या वर्षी तिने टर्न घ्यायला सुरुवात केली, आणि आज तिची कड जागोजाग उकललेली आहे, नखाला खरखरीत लागते, पण झाडांमधल्या उजवीकडच्या अरुंद वाटेसाठी मी तिच्याऐवजी कुठलीही नवी डिस्क घेणार नाही. फायरबर्ड मात्र चॅम्पियनमध्येच घ्यावी. जी डिस्क शेवटी वळते म्हणूनच घेतली आहे, ती झिजून वळायची थांबली तर ठेवायची कशासाठी?

डिस्क आल्यावर ती थेट सामन्यात नेऊ नये. मोकळ्या मैदानावर, वारा पडलेला असताना, ५० मीटरवर एखादी खूण ठरवावी आणि पळत न येता, जागेवर उभे राहून, लेपर्ड आणि जुनी मिडरेंज प्रत्येकी दहा वेळा सपाट फेकावी. प्रत्येक फेकीनंतर फक्त दोन गोष्टी लिहाव्या: खुणेपाशी डिस्क रेषेच्या कोणत्या बाजूला होती, आणि शेवटी रेषेपासून किती पावलांवर पडली. अंतर लिहू नये. अंतर लिहू लागले की माणूस जोर लावू लागतो आणि सगळी मापे फुकट जातात. दहांपैकी सहा-सात वेळा डिस्क खुणेपाशी रेषेवर किंवा थोडी उजवीकडे असेल आणि शेवटी डावीकडे पाच पावलांच्या आत येत असेल, तर डिस्क हाताशी जुळली. खुणेपाशीच ती डावीकडे गेलेली असेल तर आधी नाक तपासावे, मग हलके वजन किंवा एफडीसारखी जास्त ग्लाइडची डिस्क घ्यावी. काही महिन्यांनी हीच लेपर्ड सपाट फेकल्यावर उजवीकडे जाऊन परत रेषेवर येईनाशी झाली, आणि मनगट स्वच्छ असल्याचे चित्रणातही दिसत असले, तर तिला थोडी डाव्या कलाने, म्हणजे हायझर ठेवून, सोडून पाहावी. ती वाटेत सपाट होऊन लांब सरळ तरंगत गेली की हात ताशी ८० च्या जवळ आला आहे असे समजावे, आणि तेव्हा टीबर्ड विकत घ्यावी.